तुम्ही विचारलंत म्हणून: क्वॅगसायरच का?

"दादा, तुम्ही क्वॅगसायरच का खेळता?" (क्वॅगसायर म्हणजे पोकेमॉनच्या लढतीतला पाणी-जमीन प्रकारचा एक सुस्त गडी.) जळगावचे विचारतात, धुळ्याचे विचारतात, आणि भुसावळचा एक जण तर हरला की विचारतो आणि जिंकला तरी विचारतो, "हाई काय खेळ शे भो?" इतके दिवस मी "आवडतो म्हणून" एवढं बोलून सुटका करून घेत होतो. पण परवा ग्रुपवर एकाने लिहिलं, की क्वॅगसायर आणणारा माणूस खेळायला येत नाही, समोरच्याला कंटाळा आणायला येतो. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात दोन अंगठे माझ्या सख्ख्या आतेभावांचे. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो, परत विचारू नका.

पोकेमॉन तुम्हाला सांगायची गरज नाही; शोडाउन म्हणजे त्याच्या सहा-सहाच्या टीमा लढवायची ऑनलाइन साइट, दर टर्नला दोघांनी एकेक मूव्ह निवडायचा. सगळा मुद्दा अनअवेअरचा, म्हणजे क्वॅगसायरच्या अंगभूत गुणाचा आहे. समोरचा स्वोर्ड्स डान्स करो, ड्रॅगन डान्स करो (दोन्ही स्वतःचा अटॅक वाढवणारे मूव्ह), क्वॅगसायरला मारताना त्याचा बूस्ट धरलाच जात नाही. आकडे बघा. एचपी (जीव) आणि डिफेन्स पूर्ण भरलेला, रिलॅक्स्ड नेचरचा (डिफेन्स वाढवणारा स्वभाव) क्वॅगसायर शंभराव्या लेव्हलला ३९४ एचपीचा होतो. पूर्ण अटॅकचा, जॉली नेचरचा गारचॉम्प हा ड्रॅगन त्याला अर्थक्वेक (जमिनीचा मूव्ह) मारतो तेव्हा १३२ ते १५६ एचपी जातात. त्याच गारचॉम्पने आधी दोन स्वोर्ड्स डान्स केले असतील तर अनअवेअर नसलेल्या कोणालाही तो अर्थक्वेक तिप्पट लागेल. क्वॅगसायरला १३२ ते १५६च. रिकव्हर या मूव्हने एका वेळी १९७ परत येतात, जवळ ठेवलेल्या लेफ्टओव्हर्स या वस्तूचे दर टर्नला २४ वेगळे. म्हैस पांझरेत बसली की काठावर डीजे वाजो नाहीतर संबळ, ती रवंथ करत राहते. तसं आहे हे.

आता लगेच म्हणाल, मग यात डोकं कुठे लागतं? लागतं. गवताचा कुठलाही अटॅक त्याला चौपट लागतो. बर्फाचा फ्रीझ-ड्रायसुद्धा चौपट, हे नव्या पोरांना मार खाल्ल्यावरच कळतं. समोरच्याचे गुण न जुमानणारा मोल्ड ब्रेकरवाला एक्सकॅड्रिल आला की अनअवेअर असून नसल्यासारखा. टॉन्ट (समोरच्याला फक्त मारायचेच मूव्ह करू देणारा) लावला की रिकव्हर बंद. क्रिटिकल, म्हणजे नशिबाने जास्त जोरात बसणारा फटका, चोवीसात एकदा लागतो, आणि तो नेमका तुम्ही "आता एक टर्न काढू" म्हणता तेव्हाच लागतो. स्पेशल अटॅकवाले तर बूस्ट न करताही त्याला फोडतात. त्यामुळे बाकीची पाचजणांची टीम या एकाला जपण्यासाठी बांधावी लागते. सरळ मारामारी करणाऱ्यांची टीम मी पण करून पाहिली आहे, ती एका दुपारी होते. ही होत नाही.

"मग डोंडोझो घ्या ना," हा पुढचा प्रश्न. डोंडोझो म्हणजे पाण्यातला भलामोठा मासा. मान्य, कागदावर डोंडोझो दांडगा आहे. बेस एचपी १५० विरुद्ध ९५, डिफेन्स ११५ विरुद्ध ८५, अनअवेअर दोघांकडे. पण डोंडोझोला बरं व्हायचं तर रेस्ट करून झोपावं लागतं, क्वॅगसायर जागेपणी रिकव्हर करतो. शिवाय डोंडोझोला वीज लागते, क्वॅगसायरला ती लागतच नाही. म्हणजे टीममध्ये वीज झेलायला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही. क्लॉडसायर याच घरातला, पण त्याला अर्थक्वेकच दुप्पट लागतो, आणि अर्थक्वेक आमच्याकडे कोणाच्या टीममध्ये नाही ते दाखवा.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने बोलतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्कार्लेट आणि व्हायोलेट हे नवव्या पिढीचे गेम आले आणि क्वॅगसायरची रयाच गेली. स्कॉल्ड गेला. दहातल्या तीन वेळा समोरच्याला भाजणारा तो मूव्ह म्हणजे अर्धा क्वॅगसायर होता. आणि रिकव्हरचा पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येतो तो आकडा) दहावरून पाचवर आणला. पीपी अप लावून पूर्वी १६ व्हायचे, आता ८. अर्थक्वेकचे मात्र सोळाचे सोळा. म्हणजे आधी मारणारा आणि सावरणारा बरोबरीत होते, आता मारणाऱ्याकडे दुप्पट आहे. हे बघून क्वॅगसायर सोडायला हवा होता असं तुमच्यातल्या जाणत्यांचं म्हणणं. असेल. मला उलट वाटलं, की आता कुठे तो खेळण्यासारखा झाला. सोळा रिकव्हर असताना कधी दाबायचं याचा विचारच करावा लागत नव्हता. आठ असले की प्रत्येक वेळी हात थांबतो.

हॉस्टेलला असताना मला कोणी स्टॉलवरून (असं सावकाश दमवून जिंकण्यावरून) बोललं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: नियमात बसतं ना, मग झालं. तेव्हाच्या माझ्याशी आता माझं पटत नाही. नियम काय, शोडाउनवर सामना हजार टर्नपर्यंत चालू शकतो, त्यानंतर बरोबरी. म्हणून समोरच्याला हजार टर्न बसवून ठेवायचं का? पण त्याच्याशी भांडायला गेलो तर तो विचारतो, मग किती टर्नला थांबायचं ते सांग. शंभर? साठ? कोणाच्या घड्याळाने? यावर मला उत्तर सुचलेलं नाही. झटपट हरवलं तर तो खेळ, आणि सावकाश हरवलं तर तो छळ, हे कोणी ठरवलं?

आता ज्या सामन्यावरून हे सगळं निघतं त्याच्याकडे येतो. धुळ्याची फायनल. बहुतेकांनी ती ऐकलेली आहे आणि प्रत्येकाची गोष्ट निराळी आहे. तेव्हा माझी पण असू द्या.

मे महिना. ओळखीच्या एकाच्या कॉम्प्युटर क्लासची खोली रविवार म्हणून मिळालेली. कूलर एकच, त्यातलं पाणी संपलं की तोच गरम वारा फेकायचा. स्विच आमच्यात कोणाकडे नाही, सगळे मोबाईलवर खेळत होते. फायनल तेवढी प्रोजेक्टरवर लावली. बक्षीस म्हणजे वर्गणीतून चहा-नाश्ता जाऊन उरलेले पैसे, लग्नात देतात तसल्या पाकिटात. समोर शहाद्याची मुलगी, नुकतीच बारावी झालेली, वाटेत दोन मुरलेल्यांना लोळवून आलेली. तिचे पप्पा मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

टेरा (सामन्यात एकदाच पोकेमॉनचा प्रकार बदलणं) दोघांचंही वापरून झालं होतं. बाकीच्या टीमा पडल्या होत्या. तिच्याकडे उरला डोंडोझो, माझ्याकडे क्वॅगसायर.

डोंडोझोने तीन कर्स (अटॅक आणि डिफेन्स वाढवणारा मूव्ह) आधीच करून ठेवले होते, त्या जोरावर माझे शेवटचे दोघे तिने एकेका फटक्यात पाडले होते. क्वॅगसायर मैदानात आला तेव्हा खोलीत पोरं म्हणाली, आता दादा गेले. तिने लिक्विडेशन हा पाण्याचा मूव्ह मारला आणि माझी पट्टी पाचव्या हिश्श्याने हलली. अडीचपट अटॅक, आणि गेले किती, तर ८० च्या आसपास. तिला हे माहीत होतं. ती हसली पण नाही की चिडली पण नाही. माझ्या अर्थक्वेकने तिचे ५०४ मधले साठ-सत्तर गेले, त्यातले ३१ लेफ्टओव्हर्सने लगेच भरले. दोन्हीकडे अनअवेअर. तिचे कर्स माझ्यासाठी नव्हतेच, आणि माझ्याकडे तिला पाडण्याएवढा दम नव्हता.

इथून पुढे तुम्ही म्हणता की काहीच घडलं नाही. तुम्ही प्रोजेक्टर बघत होता म्हणून तसं वाटलं. लिक्विडेशन पाचात एकदा समोरच्याचा डिफेन्स एक पायरी उतरवतो. अनअवेअर समोरच्याच्या बूस्टकडे बघत नाही, पण स्वतःची उतरलेली पायरी त्याला भोगावीच लागते. एक पायरी उतरली की ८० चे १२० होतात, दोन उतरल्या की १६०. हेझ टाकला की पायऱ्या परत जागेवर, पण त्या टर्नला मी रिकव्हर करू शकत नाही. अंगात १८० उरलेत आणि डिफेन्स एक पायरी खाली आहे, अशा वेळी आधी हेझ टाकायचा की रिकव्हर? हेझ टाकला आणि क्रिटिकल लागला तर? रिकव्हर केला आणि पुन्हा पायरी उतरली तर? प्रत्येक टर्नला हे. तिकडे तिचाही हिशोब चालू होता, कारण नवव्या पिढीत रेस्टचे पण आठच. ती वहीच्या मागच्या पानावर माझ्या रिकव्हरच्या रेघा ओढत होती, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मी तिच्या रेस्ट बोटांवर मोजत होतो. इतकं डोकं लावून मी दुसरा कुठलाही सामना खेळलेलो नाही, आणि नेमक्या याच सामन्याला लोक उठून शेवभाजी खायला गेले.

खोलीत शेवटी पाच-सहा जण उरले असतील. एक जण बाकावर आडवा होऊन घोरत होता. तिच्या पप्पांनी दोनदा घड्याळ बघितलं, मग हळूच म्हणाले, "चाल बेटा, गाडी निंघी जाई." शहाद्याची शेवटची बस. ती म्हणाली, "पप्पा, थोडंच राहिलंय." थोडं राहिलेलं नव्हतं, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. आणखी काही टर्न झाले. माझे रिकव्हर दोन उरले होते, तिची रेस्ट एक. पप्पा उठून दारात उभे राहिले, काही बोलले नाहीत. तिने वही मिटली, मोबाईलवर हार मान्य केली आणि म्हणाली, "दादा, मी निघते." एवढंच. पडद्यावर माझं नाव आलं. कोणीतरी पाकीट आणून माझ्या हातात दिलं आणि लगेच प्रोजेक्टरची वायर काढायला लागला.

बरोबरी घेऊ असं मी का म्हणालो नाही, हे पण विचारता. मी जिंकतोय असं मला वाटत होतं म्हणून. घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. माझ्याकडे हेझचे भरपूर पीपी शिल्लक होते, तिचे मूव्ह आधी संपले असते, मग स्ट्रगल, आणि स्ट्रगलमध्ये दर वेळी स्वतःचाच पाव एचपी जातो. म्हणजे मीच. मग त्यात दोन पायऱ्या लागोपाठ उतरल्या असं धरून परत मांडला, तर ती जिंकली. मग एक क्रिटिकल तिच्याकडून काढून माझ्याकडे टाकला, तर परत मी. तो कागद कितीही वेळा मांडा, पप्पांची बस त्यात कुठे बसवायची ते मला जमत नाही. ती माझ्यामुळे चुकली असती का? बस एसटीची, सामन्याची वेळ ठरवणारे दुसरेच, आणि घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. तरी पाकिटातले पैसे मी खर्च केलेले नाहीत. ही काही मोठेपणाची गोष्ट नाही, खर्च करायला गेलो की ती वही आठवते आणि चिडचिड होते, एवढंच.

तुमचं म्हणणं असं, की मी हेझ काढून लिक्विडेशन घ्यावा, म्हणजे सामने लवकर संपतील. काहींनी तर सेट (मूव्हची यादी) बनवूनही पाठवला. बघितला. पाण्याचा मूव्ह घेतला तर डोंडोझोला तो अर्धाच लागणार, आणि हेझ नसेल तर त्या फायनलमध्ये मी विसाव्या टर्नलाच गेलो असतो. तेव्हा मुलीला बससाठी सामना सोडावा लागला नसता, हे खरं. पण मी हरावं म्हणून सेट बदलू का? आतेभाऊ म्हणतात, बदल. त्यांचं काय जातं.

आणि कंटाळा आणतो म्हणणाऱ्याला एक विचारायचंय. तुझा ड्रॅगनाइट दोन ड्रॅगन डान्स करून सहाच्या सहा लोळवतो तेव्हा समोरचा काय करत असतो? बघत बसतो. माझ्यासमोर तो निदान शेवटपर्यंत खेळत असतो. हे लिहिताना मला पटतंय. उद्या वाचताना कदाचित पटणार नाही, कारण त्या दिवशी शेवटपर्यंत खेळायला तिला मिळालंच नाही.

आता जळगावला जमायचं चाललंय. ती येणार आहे, आणि टीममध्ये अलोलाची नाइनटेल्स घेतली आहे असं तिनेच ग्रुपवर टाकलंय, फ्रीझ-ड्रायसकट. कोणासाठी ते उघड आहे. मी क्वॅगसायरच आणणार. फक्त ड्रॉ काढणाऱ्यांना विनंती आहे, आमचा दोघांचा सामना लागलाच तर तो सकाळी पहिला ठेवा, आणि शहाद्याच्या बसचं टाइमटेबल आधी विचारून घ्या.