डबी कुठं पळून जातेय?

"आत्या, डबी कुठं पळून जातेय? पक्षी उडेल ना!"

सकाळी इंदूरच्या सिरपूर तलावावर भाच्यानं फोन खिशात टाकला आणि दुर्बीण काढली. आलो होतो जिओकॅशिंगला, म्हणजे जीपीएसवर कुणीतरी लपवलेली डबी शोधायला. २००० साली अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये एका बादलीपासून हा खेळ सुरू झाला म्हणे.

पण ह्याच्या वहीत डब्या मोजक्याच. बाकी पाणकोंबड्या, जुनी होळकरी नाणी, कृष्णपुऱ्याच्या छत्रीवरच्या (म्हणजे होळकरांच्या स्मारकावरच्या) नक्षीची चित्रं. (अक्षर मात्र अगदी कोंबडीचे पाय.)

डबी सापडलीच नाही. मी उगाच धुसफुसत पोहे-जिलेबी खाल्ली, तो मात्र खुशीत शेव मागत होता.

काही हाती लागल्याशिवाय मला फिरल्यासारखंच वाटत नाही. तुमचंही असंच होतं का?