एनओसी मालकाची, दार काकूंचं

आमची संस्था वस्तीतल्या भिंतींवर चित्रं रंगवते, आणि प्रोजेक्ट संपला की 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो काढायचं काम माझ्याकडे येतं. ज्या जागी उभं राहून पोपडे आलेल्या भिंतीचा फोटो काढला त्याच जागी वर्षभराने परत उभं राहायचं, तोच अँगल, शक्यतो तीच माणसं, आणि मग ते दोन फोटो शेजारीशेजारी लावून फंड देणाऱ्यांना रिपोर्ट पाठवायचा. सोपं काम आहे, म्हणूनच माझ्याकडे आहे.

तर त्या दिवशी मी गेले. 'आधी'च्या फोटोत भिंतीतल्या दारात एक काकू उभ्या होत्या, शिलाईचं काम करतात, म्हणून म्हटलं काकू पाच मिनिटं दारात येता का, तर आतून आवाज आला, "आजच काढून घे बाई, पुढच्या महिन्यात नसणारे मी इथं." आत बघितलं तर अर्धी खोली गाठोड्यात बांधलेली, मशीनचं पायडल सुटं करून भिंतीला टेकवलेलं.

भाडं वाढलं होतं. वाढलं म्हणजे काय, दीडपट. भाच्याने त्यांना मोबाईलवर एक जाहिरात दाखवली होती, ती त्यांनी मला दाखवली: त्याच बिल्डिंगमधली वरची खोली, रिकामी, 'आर्ट स्ट्रीटला लागून', आणि पहिला फोटो आमच्या भिंतीचा. सकाळच्या उन्हात काढलेला, माझ्यापेक्षा चांगला. मला काय बोलावं सुचेना. काकू चिडलेल्या नव्हत्या हो, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "भिंत छानच झालीये गं, त्यात तुमचा काय दोष."

खरं सांगायचं तर दोष होताच थोडा. ही भिंत रंगवायच्या आधी मालकाकडून ना हरकत पत्र मिळवायला आम्ही तीन महिने घालवले, त्याच्या ऑफिसात किती चकरा मारल्या त्याची गणतीच नाही. भाडेकरूंना काय विचारलं? रंग कुठला आवडेल. एवढंच. आणि भिंतीला ओल येत होती ती वरच्या फुटक्या पाइपमुळे, आमच्या पेंटरने पहिल्याच दिवशी सांगितलेलं की प्रायमरचे दोन हात मारले तरी हे पावसाळ्यानंतर फुगणार, पण बजेटमध्ये 'कलासाहित्य' हेड होतं आणि 'पाइप' नव्हतं, मग आम्ही ओलीवरच निळं आकाश रंगवलं. काकूंच्या खोलीत ती ओल अजून तशीच आहे. भाडं वाढलं ते ओलीसकट.

संध्याकाळी ऑफिसात मीटिंग झाली, मीटिंग कसली, आरडाओरडाच. पेंटर म्हणाला, काळा फासू. त्याने बर्लिनचं उदाहरण काढलं, तिथे क्रॉइत्सबर्ग भागात ब्लू नावाच्या कलाकाराची दोन प्रचंड भित्तिचित्रं होती, 2007 आणि 2008 मधली, शहराची ओळखच झालेली, आणि तिथली जागा बांधकामाला जाणार म्हटल्यावर डिसेंबर 2014 मध्ये कलाकाराच्याच संमतीने ती काळ्या रंगाने पुसून टाकली. ऐकायला भारी वाटतं. पण काळी भिंत झाली म्हणून काकूंचं भाडं उतरणारे का? आमच्या डायरेक्टर मॅडम दुसऱ्या टोकाला, भाडी सगळीकडेच वाढतायत, भिंतीमुळे नाही. तेही अर्धं खरंय. एका चित्राने वस्ती बदलते असं मानणं म्हणजे स्वतःला जरा जास्तच भाव देणं झालं. पण जाहिरातीत फोटो कशाचा होता?

माझ्या डोक्यात मात्र अमेरिकेतलं ह्यूस्टन घोळत होतं. तिथे रिक लोव या कलाकाराला एका शाळकरी मुलाने साधारण असं विचारलं होतं की आमची परिस्थिती काय आहे ते आम्हाला माहितीये, तुम्ही आर्टिस्ट आहात तर उपाय का नाही काढत. पुढे 1993 मध्ये प्रोजेक्ट रो हाउसेस सुरू झालं, तिथल्या थर्ड वॉर्ड वस्तीतली 22 जुनी छोटी घरं, काहींमध्ये कलाकारांची कामं आणि काहींमध्ये एकट्या आया मुलांना घेऊन राहायच्या. घरं संस्थेच्या हातात होती, म्हणून कुणाला ठेवायचं हे तीच ठरवू शकली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी भागातही तसंच, रहिवासी आधी स्वतःच ओसाड घरांचे दर्शनी भाग रंगवत होते, रस्त्यात झाडं लावत होते, मग 2011 मध्ये त्यांनी जमीन-घरं रहिवाशांच्याच हातात राहावीत म्हणून ट्रस्ट केला, असेंबल हा आर्किटेक्ट-डिझायनरांचा गट त्यानंतर त्यांच्यासोबत आला आणि 2015 चं टर्नर प्राइज, ब्रिटनमधलं कलेचं मोठं बक्षीस, त्या गटाला त्या कामासाठी मिळालं. बक्षीस शेवटी आलं, कागद आधी झाले होते.

आमच्या हातात घरं नाहीत, येणारही नाहीत. आम्ही स्वतःच अकरा महिन्यांच्या करारावर बसलोय, उद्या आमचीही गाठोडी. पण एनओसी मागताना त्या मालकाला आमची गरज होती, फुकटात भिंत मिळत होती त्याला, तेव्हाच म्हणता आलं असतं की खालच्या चार खोल्यांचं भाडं तीन वर्षं वाढवायचं नाही आणि पाइप तू दुरुस्त करायचा, मग रंगवतो. कुणाला सुचलंच नाही, मलापण नाही, मी तर चकरा मारून मारून सही मिळाली त्या आनंदात होते.

रिपोर्टमध्ये मी गाठोड्यांसकट फोटो टाकला. मॅडम म्हणाल्या, क्रॉप कर. मी नाही केला, त्यांनीही परत विचारलं नाही.

काकूंनी जाताना एकच मागितलं, "तो निळा उरलाय का गं थोडा? नव्या दाराला लावीन." अर्धा डबा होता, दिला.

नंतर पुढच्या भिंतीसाठी दुसऱ्या एका मालकाकडे गेले तेव्हा एनओसीच्या मसुद्यात भाड्याचं आणि पाइपचं कलम टाकूनच नेलं. त्याने वाचलं, हसला, म्हणाला कळवतो मॅडम. पाचवा आठवडा चालूये. फोन उचलत नाही, भिंत तशीच आहे, आणि पेंटर रोज विचारतो परांची कधी बांधायची.