चाळीत सांगितलं, ग्रुपवर नाही

आमचं गाव लासलगावजवळ. चुलतभाऊ कट्टर भाजपवाला आणि मी पहिल्यापासून विरोधातला. फॅमिली ग्रुपवर मी त्याला अंधभक्त म्हणायचो, तो मला चमचा, आणि समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला पक्कं माहितीये असं दोघांनाही वाटायचं.

डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली ती उठली थेट मे मध्ये, तोवर भावाची पार वाट लागलेली. लोकसभेला दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार पडल्या, शरद पवार गटाचे भगरे सर निवडून आले. भाऊ शेवटच्या दिवसापर्यंत गळ्यात उपरणं घालून प्रचारात होता. दिवाळीच्या आधी आम्ही दोघं कांदा साठवतो त्या चाळीत निवडायला बसलेलो, कोंब आलेला एक कांदा हातात फिरवत तो खाली बघूनच म्हणाला, "मी पण भगरेंनाच दिलं होतं." एवढे महिने बोलला का नाहीस विचारलं तर म्हणे, "तू ग्रुपवर नाचला असतास, आणि आमची पोरं म्हणाली असती हा फुटला."

मला फार लागलं ते. आपण शिव्या देतो त्याने कुणाचं मत बदलत नाही हो, माणूस फक्त ते आपल्यापासून लपवायला लागतो, आणि गप्प बसला की आपण समजतो याला पटलं.

तरी मी विधानसभेला परत तेच केलं. सरकारच्या लाडकी बहीण योजनेच्या १५०० रुपयांवरून घरात मोठमोठ्याने बोलायचो, बायका दीड हजारात विकल्या गेल्या म्हणून. काकू तिथेच भाकरी थापत असायच्या, कधी काही बोलल्या नाहीत. २३ नोव्हेंबरला निकाल आला, राज्यात महायुती २३० च्या वर, नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४. मी परत सुरू झालो तर काकूंनी तवा खाली उतरवला आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर पहिल्यांदा पैसे आले. बीपीच्या गोळ्या मी कुणाला न मागता आणल्या. तू मला विकलेली म्हणालास ते मी रोज ऐकत होते."

मी सॉरी म्हटलं, म्हटलं मला माहिती नव्हतं तुम्ही त्यांना मत दिलंत ते.

"कुणाला दिलं ते मी अजून सांगितलंय कुठं?"