धुक्यातले तीन ठोके

त्या दिवशी जाळं कुठं लावलं होतं, त्याचा नकाशा मी आजवर तीन-चार वेळा काढून बघितलाय, पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर. भिंत इथं, माझी होडी इथं, तात्या इथं. दर वेळी अंतर कमीच निघतं.

मी उजनी धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करतो, इंदापूरच्या बाजूनं. 22 वर्षं झाली. दिवस मावळताना जाळी सोडायची, पहाटे ओढायची, उजाडता उजाडता मासळी भिगवणच्या लिलावाला पोचवायची. हे कुणालाही कळतं. कळत नाही ती गोष्ट अशी, की जानेवारीच्या पहाटे धरणाचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. ओली रश्शी ओढून बोटं वाकेनाशी झाली, की आम्ही हात पाण्यात बुडवून शेकून घेतो. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या गारठ्यात पाण्यात हात घालतात तरी कसे! खरी थंडी हात बाहेर काढल्यावर लागते. धुकंही त्यातूनच येतं. पाणी कोमट आणि वर हवा गार, की पहाटे पाच-सव्वापाचला पाण्यातून वाफ उठायला लागते, आणि वारा पडलेला असेल तर अर्ध्या तासात होडीचं पुढचं टोक दिसत नाही.

थंडीत मासा मंदावतो. चिलापी उन्हाळ्यात कडेकडेनं फिरते, आपण होऊन जाळ्यात येते. थंडीत ती खाली बसते, दगडाच्या, खोडांच्या आडोशाला. कटला, रोहू तर आणखी खोल. म्हणून हिवाळ्यात जाळं नुसतं सोडून चालत नाही, खाली काय आहे ते माहीत असावं लागतं. मला ते वडलांनी शिकवलं. आमचं जुनं गाव या पाण्याखाली आहे. धरण 1980 साली पुरं झालं, त्याच्या आधीच लोक उठून वर आले. वडील होडीत बसून मला गाव दाखवायचे. इथं चावडी, इथं तालीम, ही चिंच, हा मोठा वाडा. आणि प्रत्येक जागेची खोली परसात सांगायचे. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. चिंचेवर दोन परस पाणी, वाड्याच्या भिंतीवर चार. हे सगळे आकडे भरल्या धरणाचे. दिवाळीनंतर कालव्याला, नदीला पाणी सुटलं, की त्यातून अर्धा परस, एक परस वजा करायचा. एवढ्या हिशेबावर माझी 20 वर्षं निघाली.

2023 च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं. जानेवारी 2024 संपायच्या आतच ते मायनसमध्ये गेलं. मायनस म्हटलं की शहरातल्या पाहुण्यांना वाटतं धरण आटलं. तसं नाही. उजनीत एकूण पाणी मावतं 117 टीएमसी, त्यातलं साडेत्रेसष्ट टीएमसीच्या आसपास मृतसाठा. पाटी शून्य टक्के दाखवते तेव्हाही एवढं पाणी खाली असतंच, आणि आम्ही त्याच्यावर पोट भरतो. पण भरलेलं धरण आणि शून्य यांच्यात उंचीचा फरक सहा मीटरच्या आसपास. म्हणजे तीन परस आणि वर थोडं. वाड्याच्या भिंतीवर चार परस पाणी असायचं, तिथं त्या जानेवारीत छातीएवढं उरलं होतं. हे गणित मला तोंडपाठ आहे. आदल्या संध्याकाळी मी ते केलं नाही. हात जिथं दर हिवाळ्यात जायचा तिथंच गेला, आणि भिंतीच्या अंगाला मी सहा जाळी लावली.

पहाटे साडेचारला मी आणि पुतण्या निघालो. पुतण्या एकोणीस वर्षांचा, कॉलेज सोडून आलेला. त्याचा कान चांगला आहे. आम्ही पहिलं जाळं काढेपर्यंत चांदण्या दिसत होत्या. दुसऱ्याला धुकं आलं. बॅटरी लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते, त्यापेक्षा अंधार बरा. अशा वेळी आमच्या पाण्यावर एक पद्धत आहे. होड्या पत्र्याच्या. थोड्या थोड्या वेळानं वल्ह्यानं होडीवर तीन ठोके द्यायचे. जवळ कुणी असेल तर तोही तीन देतो. अर्थ एवढाच की मी इथं आहे, अंगावर येऊ नकोस. आजोबांच्या काळी नदीवर लाकडी होड्या होत्या तेव्हाही हेच होतं म्हणतात.

चौथं जाळं ओढताना ते अडकलं. खाली दगडात अडकलेलं जाळं हाताला वेगळं लागतं. मासा अडकला की रश्शी थरथरते. खोड असलं की ती लवचिक ओढते, थोडी देते, परत घेते. दगड काहीच देत नाही. मला तेव्हाच कळलं की ही भिंत आहे, आणि ती इतकी वर कशी आली हेही कळलं. होडी फिरवून उलट्या बाजूनं ओढायचं, तो एकच उपाय. पुतण्या वल्हवत होता, मी रश्शी हाताला गुंडाळून ओढत होतो. जाळं नवं होतं. तंगूस, रश्शी, शिसं, भरण्याची मजुरी धरून साडेचार हजार गेले होते, आणि महिनाही झाला नव्हता.

शिवाय निम्म्या जाळ्यात सकर. हा मासा ज्यांनी काचेच्या टाकीत बघितलाय त्यांना तो गंमतीचा वाटतो, टाकी साफ करतो म्हणून पाळतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कुणीतरी हौस फिटल्यावर नदीत सोडला असणार आणि आज तो आमच्या ताटात माती कालवतोय. अंगावर चिलखत, पंखांना करवतीसारखे काटे. चिलापी जाळ्याच्या डोळ्यातून मागं सरकवून काढता येते. सकर मागं सरकत नाही, काटे उघडून घट्ट बसतो, आणि एकेकाला काढायला जाळ्याचे चार-पाच डोळे कापावे लागतात. बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. हौशी लोकांनी पाळलेला जीव कंटाळा आला म्हणून पाण्यात सोडू नये, एवढं मी हात जोडून सांगतो. त्या पहाटे मी सकर काढत बसलो होतो, हे मला विसरता येत नाही.

कारण ठोके तेव्हाच ऐकू आले. तीन. डाव्या अंगानं, वाटलं बरेच लांबून. मी वल्हं उचलून तीन दिले. परत तिकडून तीन. मी परत तीन. पुतण्याला म्हटलं, कुणीतरी आहे, येईल तर बघू, तू होडी सरळ धर. आणि कामाला लागलो. असं चार-पाच वेळा झालं. किती वेळ गेला ते मी नंतर पुतण्याला बऱ्याचदा विचारलं. तो पंधरा मिनिटं म्हणतो. मला वीस वाटतात.

मग पुतण्या वल्हवायचा थांबला. म्हणाला, "नाना, ही होडी वाजत नाय. डबा वाजतोय."

मी ऐकलं. खरंच आवाज बारीक होता. होडीवर वल्हं मारलं की खालून पोकळी घुमते, ढणढण होतं. हे टणटण होतं, कोरडं. होडीतलं पाणी उपसायला आम्ही तेलाचा डबा कापून ठेवतो, त्याचा आवाज. हातात वल्हं आणि खाली होडी असताना कुणी माणूस डबा का वाजवील? हे माझ्या ध्यानात यायला पुतण्याचं वाक्य संपायची गरज नव्हती. मी विळा घेतला आणि जाळं रश्शीसकट तोडलं.

धुक्यात आवाज फसवतो. आम्ही आवाजाकडं वल्हवत गेलो आणि तो उजवीकडं सरकला, मग मागून यायला लागला. मी हाक मारली, ओ आली, पण तीही सगळीकडून. शेवटी पुतण्या म्हणाला वल्हं उचला, आणि आम्ही होडी तशीच सोडून गप्प बसलो. चार-पाच ठोके नुसते ऐकले. मग त्यानं हात करून दाखवलं आणि आम्ही त्या हातावर गेलो.

धुक्यातून माणूस दिसला. फुगवट्याच्या मधोमध, चहूकडं पाणी, आणि तात्या उभा. छातीएवढ्या पाण्यात, एका हातानं डबा डोक्यावर धरलेला, दुसऱ्या हातात चाकू उलटा धरून मुठीनं वाजवत होता. डोक्याचा टॉवेल तसाच बांधलेला. पाठीमागं त्याची होडी कुठंच नव्हती. पासष्टीचा माणूस, एकटा जाळी टाकतो. वाड्याच्या कोपऱ्याचा दगड पाण्याखाली वीतभर होता, त्याच्यावर होडी चढली, बूड फाटलं, पाणी भरलं आणि ती खाली सरकली. तात्या भिंतीवर उतरून उभा राहिला. दर वर्षीच्या पाण्यात होडी त्या दगडाला लागलीच नसती. आणि दर वर्षीच्या पाण्यात बुडाली असती तर पायाखाली काही आलं नसतं.

वर घेताना तात्या म्हणाला, "थोडं ऱ्हाऊ दे रं पाण्यात, बाहेर लई गार हाय." आम्ही त्याला ओढून घेतला. पाण्यात तो थरथरत नव्हता. होडीत आल्यावर दात असे वाजायला लागले की बोलताच येईना. ओले कपडे काढले, पुतण्यानं स्वतःचं जर्किन घातलं, मी पोत्यानं अंग चोळत बसलो. जीवरक्षक जाकीट ना त्याच्याकडं होतं, ना आमच्या होडीत. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना जाकीट बांधल्याशिवाय होडीत घेत नाहीत, ते योग्यच आहे. रोज रात्री पाण्यावर असणाऱ्या आम्हा माणसांना ते वल्हवताना अडचण वाटतं. पुढं त्याच वर्षी 21 मे रोजी उजनीतच कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळात होडी उलटली आणि 6 जीव गेले, तेव्हा कुठं काठावरच्या गावांत जाकिटाचं नाव निघालं. आता माझ्या होडीत दोन आहेत, आणि पुतण्या घातल्याशिवाय निघत नाही.

काठावर उसाचं पाचट पेटवलं. तात्याला दोन कप चहा पाजल्यावर तोंडाला शब्द आले. पहिलं त्यानं विचारलं, "जाळं सोडवलंस का तोडलंस?" तोडलं म्हटलं. तो हळहळला. कोळ्या-भोयांत जाळं तोडणं सोपं नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग म्हणाला, "तुझं तीन ऐकलं न् म्हटलं, आला."

तात्या यात काही बोल लावत नव्हता. खुशीनं सांगत होता, की तुझा आवाज आला तेव्हा धीर आला. मी तीन ठोके दिले त्याचा अर्थ माझ्या लेखी मी इथं आहे. त्याच्या लेखी मी निघालो. पहिल्या ठोक्यांनंतर तो हाका मारायचा थांबला होता. हाक मारली असती तर मी ऐकली असती. माझ्या उत्तरानंच त्याला गप्प केलं, आणि मग तो भिंतीवर उभा राहून मी येण्याची वाट बघत दर मिनिटाला डबा वाजवत राहिला, आणि मी दर वेळी उत्तर देत राहिलो.

आमच्या काठावर आता ठरलंय. अडचणीत असशील तर तीन नाही, न थांबता वाजवायचं. पुतण्यानं त्याचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलाय. करमाळ्याकडच्या होड्यांना अजून ते माहीत नाही. मागच्या हिवाळ्यात मी पलीकडं जाऊन दोन गावांत सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतलं. ते लागू पडतं का, हे पुढच्या धुक्यातच कळेल, आणि मला ते कळायला नको आहे. तात्यानं नवी होडी घेतली नाही. पोराच्या वस्तीवर असतो, जाळी विणून देतो.

त्या उन्हाळ्यात पाणी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि वाडा उघडा पडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चालत गेलो. खालचा गाळ वाळून भेगाळला होता, पायाखाली शिंपले फुटत होते. माझं जाळं भिंतीला तसंच लटकलेलं होतं, उन्हात पिवळं पडलेलं. तोडलेलं जाळं पाण्यात मासेमारी थांबवत नाही. त्यात चिलापीचे सांगाडे होते, एका मोठ्या कटल्याचं डोकं होतं, आणि सकर, कातडीसकट सुकलेले, पंख पसरून. ते सगळं मी कापून पोत्यात भरलं. मग भिंतीच्या कडेनं निघालो. कोपऱ्याचा दगड लगेच ओळखू आला, त्याच्यावर पत्र्यानं ओरखडलेली लांब रेघ होती. होडी तिथंच खाली गाळात रुतलेली.

जाळ्यापासून त्या दगडापर्यंत मी पावलं मोजली. 112 भरली.