बागमांडल्याची सुरगाठ

हरिहरेश्वरला रात्री साडेनऊला हँडलबारच्या पिशवीतून कॅमेरा काढला आणि पिशवीच्या तळाशी, फोमच्या घडीत, एक काळा स्क्रू दिसला. मोहरीएवढा. आधी वाटलं, सायकलचा असेल. मग लेन्स कानाशी धरून हळूच हलवली. आतून खुळखुळ आवाज आला. लेन्स उलटी करून बघितली तर मागच्या कड्याला चार स्क्रूंपैकी एक गायब आणि दोन अर्धे बाहेर आलेले. पुण्यापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या तीन दिवसांत रस्त्याने माझी लेन्स उलगडत आणली होती.

मला त्या रात्री खरंच रडू आलं. ही लेन्स मी पहिल्या नोकरीच्या बोनसमधून घेतली आहे. आणि राग आला तो ज्या दुकानातून ही पिशवी घेतली तिथल्या माणसाचा. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं की दादा, यात कॅमेरा ठेवून घाटरस्त्याने गेलं तर चालेल का? "बिनधास्त न्या ताई, काही होत नाही, फोम आहे ना." फोम आहे हे खरं. पण फोम कॅमेऱ्याला पडण्यापासून आणि ओरखड्यांपासून वाचवतो. बारीक, सतत चालणारी थरथर तो अडवत नाही. पुढच्या चाकाचा प्रत्येक खडा चाक धरणाऱ्या फोर्कमधून हँडलला पोचतो आणि हँडलला घट्ट आवळलेली पिशवी तो जसाच्या तसा कॅमेऱ्याला देते. आपल्या हातांना मुंग्या येतात, तेव्हा आपण पकड बदलतो. कॅमेरा बिचारा काय करणार? 2021 मध्ये ॲपलनंसुद्धा जाहीर केलं होतं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलींच्या हँडलची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते. मी ते तेव्हा वाचलं होतं आणि सायकलला काय होतंय म्हणून सोडून दिलं होतं. सायकलला इंजिन नसतं, पण म्हसळ्याच्या पुढचा उखडलेला रस्ता असतो.

घरमालक काकांकडे चष्म्याचे स्क्रू पिळायचं छोटं पेचकस होतं. टॉर्च त्यांनी धरला, स्क्रू मी बसवले. लेन्स चालू लागली. काकू म्हणाल्या, आता जेवून घे, नाहीतर भात गार होईल.

तिथपर्यंतच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की ताम्हिणी उतरताना धुकं होतं, माणगावात मुक्काम केला, दुसरी रात्र दिवेआगरला काढली आणि आरावीच्या बाजूने श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो.

चौथ्या दिवशी सकाळी पिशवी कॅरिअरला बांधून टाकली आणि कॅमेरा त्याच्या त्रिकोणी पाऊचमध्ये घालून पट्टा तिरका गळ्यात अडकवला. बहुतेक सायकलवाले असाच नेतात. माझं मात्र कधीच जमलेलं नाही, आणि आता ते मोकळेपणाने लिहायचं ठरवलं आहे. हे तिरके पट्टे आणि छातीवरचे हार्नेस पुरुषांच्या अंगाच्या मापाने बेतलेले असतात. पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून आवळून घ्यावा तर काचतो, श्वास घेताना टोचतो. सैल सोडावा तर चढावर वाकलं की पाऊच पाठीवरून घसरत पोटाखाली येतो आणि प्रत्येक पायडलला गुडघ्यावर आपटतो. उभं राहून पायडल मारायला गेलं तर घंटेसारखा डावी-उजवीकडे हेलकावतो आणि सायकलही त्याच्याबरोबर डुलते. कॅमेरा लेन्ससकट सव्वा किलोचा आहे. सव्वा किलो हलत असलं की पाच किलोचं वाटतं. पाठीवरच्या सॅकचा प्रयोग मी आधीच करून बसले आहे. पाठ घामाने निथळते ते एक वेळ सोसवेल, पण मागे पडलो तर तो कठीण ठोकळा थेट मणक्यात घुसेल ही भीती मला उतारावर मोकळं होऊ देत नाही.

हरिहरेश्वर ते बागमांडला अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. तेवढ्यातच माझा उजवा गुडघा दुखायला लागला होता.

बागमांडल्याहून पलीकडे वेसवीला जायला जंगलजेट्टी आहे. मधे सावित्रीची खाडी. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. बोटीत दोन गाड्या, चार-पाच मोटरसायकली, माझी सायकल आणि एका कडेला पाटी खाली ठेवून बसलेली एक कोळीण मावशी. साठीच्या पुढची असेल. बोट सुरू झाली आणि खालचा लोखंडी पत्रा इंजिनाबरोबर थरथरायला लागला. मी पाऊच पत्र्यावर ठेवला होता, तो चटकन उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरला. रात्रीचा स्क्रू डोळ्यांपुढून जात नव्हता.

मावशी बघत होती. म्हणाली, "लेकरू धरल्यासारखं धरलंस गो. काय हाय त्यात?"

मी सांगितलं. स्क्रूचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, पट्ट्याचंही सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. ओझ्याबद्दल कुणी बोलतंय म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता आली, ती मी कुठल्या दुकानदाराच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. तिने माझ्या हातातून पाऊच घेतला, वजनाचा अंदाज घेतला, पट्टा ओढून पाहिला.

"खांद्याला कशाला टांगतेस? कमरेला बांध. ओझं अंगाला चिकटलं पायजे. डुललं की मारतं."

उन्हासाठी मी डोक्याला गुंडाळलेली सुती ओढणी तिने मागून घेतली. लांबीत दुहेरी घडी घातली, पुन्हा एक घडी घालून चार बोटं रुंद पट्टा केला. पाऊच माझ्या पाठीच्या खालच्या खोलगट भागात टेकवला, थोडा डाव्या अंगाला. ओढणी त्याच्यावरून घेतली, पाऊचच्या मागच्या फितीतून ओवली आणि दोन्ही टोकं पुढे आणून बेंबीखाली, हाडावर आवळली. मी पोट आत घेतलं तर म्हणाली, श्वास सोड, मग आवळते. गाठ मारताना तिची बोटं मी अगदी जवळून पाहिली. अंगठ्याच्या पेरावर सुरीच्या जुन्या खुणा, नखांच्या कडेला चिकटलेला चंदेरी खवला आणि एवढी जाड बोटं असूनही गाठ एका झटक्यात बसली.

"निरगाठ मारू नको. सुरगाठ मार. पडलीस तर एका हाताने सुटली पायजे." तिने टोक ओढून दाखवलं. सगळं सुटून पाऊच तिच्या दुसऱ्या हातात आला. मग मला तीन वेळा बांधायला लावलं. उरलेली टोकं आत खोचायला सांगितली, नाहीतर चाकात जातील. हे तिला कुणी सांगितलं असेल? ती सायकल चालवत नाही. पण तिच्या नऊवारीला खोचलेला ओचा बघितला आणि मला उत्तर मिळालं.

मग तिने विचारलं, आत काय घातलंयस? पाऊच उघडून दाखवला. लेन्स खाली, कॅमेरा वर, आणि लेन्सचं तोंड सरळ तळाला टेकलेलं. ती म्हणाली, ह्याला चुंबळ नाही? माझ्याकडे एक पंचा होता. तिने तो पिळून दोरीसारखा केला, दोन वेढे देऊन टोक आत दडवलं आणि डोक्यावर ठेवते तशीच, फक्त लहान, चुंबळ करून पाऊचच्या तळाशी बसवली. लेन्स त्या कड्यात जाऊन बसली. तोंड अधांतरी, भार सगळा कडेच्या कापडावर. पाऊच हलवून बघितला, आत काहीही हललं नाही. मी किती पैसे घालवले आहेत या एका गोष्टीसाठी! फोमचे कप्पे, वेल्क्रोचे पडदे, परदेशातून मागवलेली क्लिप. त्यातलं एकही पिळलेल्या पंचाएवढं नेमकं बसलं नव्हतं.

फोटो काढू का विचारलं तर चेहऱ्याचा नको म्हणाली. हातांचा काढ. काढला.

वेसवीच्या धक्क्यावर उतरल्यावर तिने हाक मारली, "पाटीला हात लाव गो बाय." मी एका बाजूने उचलली आणि माझा हात खालीच राहिला. सुका जवळा आणि बोंबील, दिसायला हलके, पण ती पाटी वीस किलोच्या आत नक्की नव्हती. तिने गुडघ्यावर टेकवून एका हिसक्यात डोक्यावर घेतली, मान जराशी डावी-उजवीकडे करून चुंबळीवर भार बसवला आणि चढाला लागली. पाटी हलत नव्हती. कमरेखालचं सगळं शरीर चालत होतं आणि मानेच्या वर पूर्ण स्थिर.

तेच सायकलवर होतं, हे मला बाणकोटच्या किल्ल्याखालच्या रस्त्यावर कळलं. (या किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं, मी मात्र वर चढले नाही.) खड्डा आला की आपण नकळत सीटवरून किंचित उठतो. गुडघे आणि कोपर धक्का गिळतात, कंबर सावकाश वर-खाली होते. कॅमेरा कमरेला असेल तर त्याला फक्त तेवढीच सावकाश हालचाल मिळते, खडखड मिळत नाही. वजन खाली असल्याने वळणावर तोल जात नाही आणि पाऊच पुढे सरकत नाही, कारण ओढणी कमरेच्या हाडावर आवळलेली आहे. टायरमधली हवाही मी त्या दिवशी ऐंशी पीएसआयवरून साठवर आणली. टायर 32 मिलिमीटरचे आहेत, त्यांना चालतं. वेग थोडा कमी झाला, हातांच्या मुंग्या थांबल्या.

वेळासच्या अलीकडे एक समुद्री गरुड पायात मासा घेऊन सुरूच्या झाडांवरून आला. मी थांबले, एक पाय टेकवला, टोक ओढलं. चार फोटो मिळाले, त्यातले दोन धूसर. हँडलच्या पिशवीत कॅमेरा असता तर पावसाचं कव्हर, मग चेन, मग वेल्क्रो यांतच गरुड दिसेनासा झाला असता. पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत कॅमेरा सर्वांत सुरक्षित राहतो हे मला मान्य आहे. पण तिथे ठेवलेला कॅमेरा मी दिवसभरात एकदाही काढत नाही, हेही माझ्याच तीन सहलींमधून मला माहीत आहे.

वेळासला संध्याकाळी कासवाची पिल्लं सोडताना पाहिली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांबरोबर हे काम सुरू केलं. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश अजिबात मारायचा नाही. गर्दी खूप होती आणि सांगूनही तिघा-चौघांच्या मोबाइलचे दिवे चमकलेच. फार वाईट वाटलं. पिल्लं उजेडाकडे बघून दिशा ठरवतात, हे तिथल्या मुलाने तळमळीने समजावलं होतं. माझे फोटो अंधारे आणि दाणेदार आले आहेत. मला ते तसेच आवडतात.

पुढचे दोन दिवस केळशी, आंजर्ले, हर्णै आणि दापोली. दापोलीहून एसटीच्या टपावर सायकल टाकून परत आले. रोज रात्री दोन गोष्टी केल्या. मलमलच्या ओलसर फडक्याने कॅमेऱ्यावरचं खारं पुसलं आणि पेचकस घेऊन लेन्सचे स्क्रू तपासले. पेचकस काकांनी मला देऊनच टाकलं होतं. एकही सैल झाला नाही.

पुण्यात आल्यावर गल्लीतल्या शिंपीकाकांकडे पाऊच आणि ओढणी घेऊन गेले. त्यांनी जाड कॅनव्हासचा चार बोटं रुंद पट्टा शिवला, आतून जुन्या गोधडीचं अस्तर लावलं. पुढे प्लॅस्टिकचं बक्कल लावू म्हणाले. मी नको म्हटलं. दोन लांब फिती ठेवायला सांगितल्या. घाम आत जाऊ नये म्हणून कॅमेरा आधी झिपलॉकच्या पिशवीत, मग पाऊचमध्ये, असं सध्या चाललंय. उन्हाळ्यात पाठीचा तेवढा भाग भिजतोच, त्याला इलाज सापडलेला नाही. पावसाळ्यात वेगळी पंचाईत होणार आहे. मागच्या चाकाचा चिखल नेमका कमरेच्याच उंचीवर उडतो. लांब मडगार्ड आणून ठेवलंय. जूनमध्ये पहिली सर पडली की कॅमेरा न घेता, पाऊचमध्ये सव्वा किलो तांदूळ भरून पानशेतच्या रस्त्याला एक चक्कर मारून बघणार आहे.