न्हावा शेवा ते नागपूर: चाळीस फुटी ट्रेलरचा रस्ता आखताना

आधी टेप काढा, नकाशा नंतर. हाय क्यूब (नेहमीपेक्षा उंच) कंटेनर २.९ मीटर उंच, ट्रेलरचा पाटा, म्हणजे कंटेनर ठेवायचा तळ, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. म्हणजे जमिनीपासून ४.४ मीटरच्या आसपास. महामार्गाच्या पुलाखालून हे निघतं. अडकतं ते शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये: रेल्वेचा जुना बोगदा, लोंबणाऱ्या वायरी, गोदामाची कमान. मोबाइलचा नकाशा कारच्या हिशेबाने रस्ता दाखवतो, त्यामुळे माल उतरवणाऱ्याला फोन करून विचारलेलं बरं.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. साठची सरासरी धरली तरी बारा तास, म्हणजे दुसरा ड्रायव्हर हवा नाहीतर मुक्काम. काँक्रीटवर उन्हात कमी हवेचा टायर दुमडत राहतो, आतून तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. जोडचाकातला आतला टायर हमखास राहून जातो.

घाट उतरताना वरूनच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा). पायाच्या ब्रेकवर सतत पाय ठेवलात की ड्रम तापतो, लायनर पकडत नाही. अशा वेळी धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

निघण्यापूर्वी चारही ट्विस्ट लॉक (कंटेनरला कोपऱ्यांत ट्रेलरशी पकडून ठेवणारे) हाताने हलवून बघा. नुसतं बघून कळत नाही.