एमडी आहे, मग इंग्लंडमध्ये थेट कन्सल्टंट का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: एमडी किंवा एमएस होऊन आठ-दहा वर्षं झाली, इथे स्वतंत्र प्रॅक्टिस आहे, आता इंग्लंडला जायचं म्हणतोय. या वयात पुन्हा परीक्षेला, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीच्या तिथल्या प्लॅबला, बसायचं का? आणि आमच्या एमडीला तिथे काही किंमत आहे की नाही?

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे जीएमसीकडे, तुमच्या कामाच्या दोन नोंदी आहेत. एक साधी: पूर्ण नोंदणी आणि प्रॅक्टिसचं लायसन्स. ती झाली की हॉस्पिटलात नोकरी करता येते, अगदी रजिस्ट्रारच्या, म्हणजे कन्सल्टंटच्या खालच्या, पातळीवरचीसुद्धा. दुसरी स्पेशालिस्ट रजिस्टरवरची. १ जानेवारी १९९७ पासून एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, कायम कन्सल्टंट (स्वतंत्र जबाबदारीचा वरिष्ठ तज्ज्ञ) म्हणून नेमणूक हवी तर या दुसऱ्या यादीत नाव असावंच लागतं. तात्पुरत्या म्हणजे लोकम कन्सल्टंटला ही अट नाही. म्हणून काही हॉस्पिटलं तुम्हाला त्या जागेवर बसवायला उत्सुक असतात. पाटी छान दिसते, पण करार संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आपली एमडी, एमएस किंवा डीएनबी या दुसऱ्या यादीत आपोआप नेऊन बसवत नाही. तिच्यामुळे अर्ज करायचा हक्क मिळतो, इतकंच.

पहिल्या नोंदणीची तीन दारं आहेत: प्लॅब, रॉयल कॉलेजची (तिथल्या त्या त्या शाखेच्या तज्ज्ञ-संस्थेची) परीक्षा किंवा एमटीआयसारखी (परदेशी डॉक्टरांना ठरावीक काळ प्रशिक्षणासाठी बोलावणारी योजना) स्पॉन्सरशिप. प्लॅबचा पहिला भाग १८० बहुपर्यायी प्रश्नांचा, वेळ तीन तास, भारतात देता येतो. दुसरा भाग फक्त मँचेस्टरला: १६ प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं. परीक्षेची पातळी पदवीनंतर दुसऱ्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या डॉक्टरची आहे, आणि अनुभवी माणसाची पंचाईत नेमकी तिथेच होते. दहा वर्षं फक्त अँजिओग्राफी केलेल्याला बाळाच्या तापाबद्दल घाबरलेल्या आईशी आठ मिनिटं बोलायला लावलं की तो उपचार धडाधडा सांगून मोकळा होतो. गुण मात्र तिला काय वाटतंय हे विचारण्यालाही असतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्पेशालिटी हातात असेल तर एमआरसीपी, एमआरसीएस, एफआरसीए, एमआरसीओजी या रॉयल कॉलेजच्या परीक्षांपैकी तुमच्या शाखेची द्या. वेळ आणि पैसा जास्त जातो, पण ती पहिल्या नोंदणीलाही चालते आणि पुढे स्पेशालिस्टच्या अर्जातही पुरावा म्हणून उभी राहते. प्लॅबचा उपयोग एकदाच. कोणत्या परीक्षेचा कोणता टप्पा चालतो ते मात्र फी भरण्याआधी जीएमसीच्या यादीत बघा.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७ हवेत, तेही एकाच बैठकीत. एकूण ८ येऊन लेखनात ६.५ पडले तर उपयोग शून्य. ओईटी या आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत चारही भागांत बी. लेखनात अडकणाऱ्यांना ओईटी सोपी जाते, कारण तिथे रेफरल लेटरसारखं रोजच्या कामातलं पत्र लिहायचं असतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ नाव खातं. एमबीबीएसच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव, मधे नवऱ्याचं. इथल्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत तिसरंच काही. पदवीची पडताळणी एपिक या व्यवस्थेतून थेट विद्यापीठाकडून होते आणि तिथलं खातं पासपोर्टवरच्या नावाने असतं. नाव जुळत नसेल तर विवाह प्रमाणपत्र, गॅझेट, जे काही असेल ते पहिल्या दिवसापासून जोडा. मागितल्यावर देऊ असं म्हणू नका. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या नोंदणीवर काही ठपका नाही असा कौन्सिलचा दाखला, मात्र घाईने काढायचं नाही. ते तीन महिन्यांच्या आतलं लागतं, आणि गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे नोंदणी होती त्या प्रत्येक कौन्सिलचं लागतं. दोन वर्षं मस्कतला काढली असतील तर तिथलंही. बाकी सगळं तयार झाल्यावरच त्यासाठी अर्ज करा.

आता खरा मुद्दा, स्पेशालिस्ट रजिस्टर. तिथलं प्रशिक्षण न घेता, पुराव्याच्या कागदांवर त्या यादीत नाव लावण्याच्या ज्या अर्जाला सगळे अजून सीईएसआर म्हणतात त्याचं नाव आता पोर्टफोलिओ पाथवे. ३० नोव्हेंबर २०२३ पासून कसोटीही बदलली. पूर्वी तुमचं प्रशिक्षण तिथल्या प्रशिक्षणाच्या तोडीचं आहे हे दाखवावं लागे. आता तिथे स्पेशालिस्ट म्हणून काम करण्याइतकं ज्ञान, कौशल्य आणि अनुभव आहे हे दाखवायचं. बदल चांगला आहे. पण मोजपट्टी म्हणून तुमच्या शाखेचा तिथला अभ्यासक्रमच समोर ठेवला जातो, त्यामुळे कागद काही कमी झाले नाहीत. शाखेप्रमाणे शेकडो पानं होतात, हजाराच्या जवळपासही जातात.

कायद्याने हा अर्ज पुण्यात किंवा कोल्हापुरात बसूनही करता येतो. तिथे आधी नोकरी केलेली असण्याची अट नाही. अडचण येते ती पुराव्याच्या स्वरूपाची. शस्त्रक्रियेचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या लॉगबुकात ओळ असते: तारीख, हर्निया, सरांची सही. तपासणाऱ्याला हवं असतं: रुग्णाचं वय, कोणतं ऑपरेशन, तुमची भूमिका काय होती, म्हणजे असिस्ट केलं, वरिष्ठ हात धुऊन शेजारी उभे असताना केलं, वरिष्ठ थिएटरमध्ये होते पण धुतले नव्हते, की एकट्याने केलं, आणि शेवटी गुंतागुंत झाली का. खाजगी हॉस्पिटलातल्या ऑपरेशन नोटवर बहुतेकदा एकाच सर्जनचं नाव असतं. पाच वर्षांनी त्यातून तुमची भूमिका कोण सिद्ध करणार?

ऑडिटचंही तसंच. ‘आमच्याकडच्या २०० केसेसचा आढावा’ हे ऑडिट धरत नाहीत. निकष घ्या: चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत अँटिबायोटिक गेलं का. ५० केस पेपर काढा, किती जणांना वेळेत गेलं ते मोजा. मग काहीतरी बदला, उदाहरणार्थ टाइम-आउटच्या वेळी (चीर देण्याआधी सगळे थांबून तपासतात तेव्हा) भूलतज्ज्ञाने ते मोठ्याने सांगायचं असं ठरवा. तीन महिन्यांनी पुन्हा ५० मोजा. दुसरी मोजणी नसेल तर ऑडिटचं वर्तुळ पूर्ण होत नाही, आणि आपल्याकडचे अर्ज इथेच हमखास लंगडे पडतात. एनएबीएच हे आपल्याकडचं हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलात असलात तर नशीबवान आहात: तिथे इंडिकेटरचे, म्हणजे दर्जा मोजणाऱ्या निकषांचे, आकडे आणि मॉर्टॅलिटी मीटिंगची मिनिट्स असतात. त्यात तुमचं नाव, तारीख आणि तुम्ही काय मांडलंत ते आलं पाहिजे.

शिवाय सहकाऱ्यांचा, नर्सेसचा आणि रुग्णांचा लेखी अभिप्राय, शिकवल्याची नोंद, केसवरची चर्चा वरिष्ठांनी फॉर्मवर नोंदवलेली. हे आपल्याकडे कोणी मागत नाही म्हणून होत नाही. आणि जोर गेल्या पाच-सहा वर्षांतल्या पुराव्यावर असतो. रेसिडेन्सीतल्या थिसिसवर विसंबून राहू नका.

रुग्णाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, केस नंबर खोडणं तुमचं काम आहे. मार्करने काळं करून स्कॅन केलं तर खालची अक्षरं उमटतात, म्हणून छापील प्रतीवर खोडून, तिची झेरॉक्स काढून मग स्कॅन करा. अशी पानं राहिली तर गठ्ठा परत येतो. प्रत्येक हॉस्पिटलचे कागद तिथल्याच जबाबदार माणसाने खरे असल्याचं प्रमाणित करायचं असतं आणि त्याच्याशी जीएमसी स्वतः संपर्क साधू शकते. म्हणून सोडून जातानाच विभागप्रमुखांशी बोलून घ्या. त्यांचा हॉस्पिटलच्या नावाचा ईमेल चालू हवा, जीमेलवर भागवू नका.

व्यवहार्य मार्ग बहुतेकांसाठी असा: साधी नोंदणी करून स्पेशालिटी डॉक्टरची, म्हणजे शाखेतली पण कन्सल्टंटच्या खालची, जागा घ्या (पदवीनंतर किमान चार वर्षं काम आणि त्यातली दोन त्या शाखेत, अशी अट असते), आणि मुलाखतीतच पोर्टफोलिओसाठी आठवड्यातला किती वेळ मिळेल आणि कोणता कन्सल्टंट मार्गदर्शक असेल ते लेखी घ्या. पगाराच्या बोलणीत हे विसरतं. तोंडी ‘हो, आम्ही सपोर्ट करतो’ याला रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लागल्यावर अर्थ राहत नाही.

अर्ज नाकारला गेला तर पत्रात कुठल्या भागात काय कमी पडलं ते मुद्द्यांनिशी लिहिलेलं असतं. १२ महिन्यांच्या आत फेरविचार मागता येतो आणि तेव्हा तेवढ्याच त्रुटींचे नवे कागद द्यायचे असतात. पत्र आल्या आठवड्यात रागाने अपील करण्यापेक्षा ते मुद्दे घेऊन मार्गदर्शकाकडे बसा आणि बारा महिन्यांत त्यातलं काय काय खरोखर जमा होईल त्याची तारीखवार यादी करा.